अपस्मार, मेंदूतील गाठी आणि लेसर शस्त्रक्रिया

वर्गात धडा चालू असताना एखादे मूल एकाएकी हसू लागते. हसण्यासारखे काहीच घडलेले नसते. काही सेकंदांत ते हसणे थांबते, मूल गोंधळल्यासारखे दिसते आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार होतो. शिक्षक त्याला खोडकर समजून बाकावर उभे करतात. घरची वडीलधारी मंडळी बाहेरची बाधा झाल्याची शंका घेतात. वैद्यकशास्त्राला या हसण्याचे कारण ठाऊक आहे. मेंदूच्या तळाशी, जवळजवळ मध्यभागी, हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. तेथे जन्मतःच पेशींची एक छोटी, कर्करोगाची नसलेली गाठ असली तर तिच्यातून उठणाऱ्या विद्युत-आवेगांमुळे आनंदावाचूनच हसू फुटते. हा अपस्माराचाच एक प्रकार होय.

हा प्रकार फार विरळ आहे. तथापि मेंदूच्या शस्त्रक्रियेत लेसर किरणांचा जो वापर आज होत आहे, त्याची उपयुक्तता सर्वांत स्पष्टपणे दिसून आली ती याच विरळ विकारात. कवटी न उघडता, केवळ काही मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मेंदूच्या खोल भागापर्यंत पोहोचणारी ही शस्त्रक्रिया कशी केली जाते, ती कोणास उपयोगी पडते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि रुग्ण तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचावा म्हणून गावपातळीवर काय व्हावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अपस्मार म्हणजे काय?

मेंदूतील कोट्यवधी पेशी परस्परांशी अत्यंत सौम्य विद्युत-संकेतांनी बोलत असतात. काही कारणाने पेशींचा एखादा समूह एकाच वेळी, अनावरपणे संकेत सोडू लागला की झटका येतो. ग्रामीण भागात यालाच फेफरे, फीट, आकडी किंवा मिरगी म्हणतात. झटका म्हणजे हातपाय आखडून खाली कोसळणे, एवढेच अनेकांना माहीत असते. वास्तविक काही रुग्ण नुसतेच शून्यात पाहत राहतात, काही ओठ चाटतात वा कपड्यांशी चाळा करतात, तर काहींचा एकच हात उडतो. असा झटका पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व नियमित औषधोपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असेही ही संघटना सांगते. याचाच अर्थ असा की, बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हाल्प्रोएट यांसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने नियमित घेणे हाच त्यांचा मार्ग होय.

प्रश्न उरतो तो बाकीच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचा. योग्य रीतीने निवडलेली व पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे घेऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या अपस्मारास औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-संघटनेने २०१० मध्ये केली. अशा रुग्णाला तिसरे, चौथे औषध देऊन पूर्ण गुण येण्याची शक्यता बरीच कमी असते. त्याच्या मेंदूतील झटक्यांचे उगमस्थान शोधता येते काय आणि ते काढून वा नष्ट करून टाकता येते काय, हा विचार येथून सुरू व्हावयास हवा.

शस्त्रक्रियेची वाटचाल

अपस्मारावरील शस्त्रक्रिया नवी नाही. लंडनमध्ये २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी, लहानपणी डोक्याला इजा झालेल्या एका तरुणाच्या मेंदूवरील व्रण काढून त्याच्या झटक्यांवर उपचार केला. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत या शास्त्राचा पाया घातला. भारतात तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चँडी यांनी १९५२ मध्ये अपस्मारावर पहिली शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रियेचा सर्वांगीण कार्यक्रम चालू आहे.

या शस्त्रक्रियेच्या परिणामकारकतेविषयी दोन चाचण्या विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात. कॅनडात झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कानशिलाच्या आत असलेल्या टेंपोरल खंडातून झटके येणाऱ्या ८० रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. दुसरी चाचणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाली व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १८ वर्षांपर्यंतची ११६ मुले होती. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त झाली, तर औषधांच्या गटातील ७ टक्के.

मात्र याच भारतीय चाचणीत, शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे एक-तृतीयांश मुलांना हातपायांतील अशक्तपणासारखे गंभीर दुष्परिणामही सोसावे लागले. त्यांतील काही परिणाम शस्त्रक्रियेच्या स्वरूपामुळे अपेक्षितच होते. तरीही आईवडिलांच्या मनातील भीती निराधार नसते, हे यावरून लक्षात येईल. कवटीचा तुकडा काढणे, मेंदूचे आवरण उघडणे आणि आतल्या रोगट भागापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतील निरोगी भाग बाजूला सारणे, हे सर्व जोखमीचे असते. वाटेतील भागाला धक्का न लावता थेट आतल्या जागी उपचार पोहोचविता आला तर? लेसर शस्त्रक्रियेचा जन्म या प्रश्नातून झाला.

लेसरची कार्यपद्धती

पहिले लेसर यंत्र १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी तयार केले. १९८३ मध्ये ब्रिटनमधील स्टीफन बाउन यांनी, शरीरातील गाठीत प्रकाशतंतू घालून लेसरच्या उष्णतेने ती आतूनच नष्ट करण्याची कल्पना मांडली. १९९० मध्ये जपानी शल्यचिकित्सकांनी मेंदूतील गाठींवर या पद्धतीचा वापर केल्याचे प्रसिद्ध केले. परंतु एक अडचण होती. आत किती उष्णता निर्माण झाली आणि ती कोठपर्यंत पसरली, हे बाहेर उभ्या असलेल्या शल्यचिकित्सकास दिसत नव्हते. मेंदूसारख्या अवयवात अशी आंधळी उष्णता वापरणे धोक्याचे होते.

ही अडचण एम.आर.आय. यंत्राने दूर केली. हे यंत्र शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रकांकडून येणाऱ्या संकेतांवरून प्रतिमा तयार करते. तापमान बदलले की या संकेतांची कंप्रता किंचित बदलते. हा सूक्ष्म बदल मोजून संगणक मेंदूच्या प्रत्येक बिंदूचे तापमान काढतो आणि काही सेकंदांच्या अंतराने रंगीत नकाशाच्या रूपाने पडद्यावर दाखवितो. या तापमापनामुळे लेसर शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाली. तिच्यासाठी तयार केलेल्या यंत्रांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ व २००९ मध्ये परवानगी दिली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पुढीलप्रमाणे होते. प्रथम अनेक तपासण्यांनी रोगट जागा निश्चित करतात व संगणकावर तिच्याकडे जाणारा, रक्तवाहिन्या टाळणारा सरळ मार्ग आखतात. रुग्णास संपूर्ण भूल देऊन, डोके स्थिर ठेवून, कवटीला तीन-चार मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडले जाते. त्यातून बारीक नळी ठरलेल्या जागेपर्यंत सरकवितात. नळीच्या आत प्रकाशतंतू असतो आणि त्याचे टोक तापून करपू नये म्हणून ते सतत थंड ठेवण्याची व्यवस्था असते. नंतर रुग्णास एम.आर.आय. यंत्रात ठेवून प्रथम सौम्य मात्रेने टोक योग्य जागी असल्याची खात्री करतात आणि मग लेसरची शक्ती वाढवितात.

शरीराचे सामान्य तापमान ३७ अंश सेल्सिअस असते. पेशींचे तापमान ४३ अंशांच्या वर बराच वेळ राहिले तर त्यांना कायमची इजा होते. ६० अंशांच्या आसपास त्यांतील प्रथिने, अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते त्याप्रमाणे, तत्काळ गोठतात. तापमान १०० अंशांच्या जवळ जाऊ दिले जात नाही, कारण तेथे पाण्याची वाफ होऊन ऊतक फाटण्याचा धोका असतो. दृष्टीच्या मज्जातंतूसारख्या नाजूक भागांजवळ शल्यचिकित्सक सुरक्षेचे बिंदू ठरवून देतात; तेथील तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की यंत्र लेसर आपोआप बंद करते. प्रत्यक्ष उष्णता देण्याचे काम काही मिनिटांचेच असते. शेवटी नळी काढून कातडीला एखादा टाका घालतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतात.

ह्यूस्टनचा अनुभव

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन येथील टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. डॅनियल करी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मार असलेल्या पाच मुलांवर या पद्धतीने केलेल्या उपचारांचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी प्रारंभी वर्णन केलेल्या हायपोथॅलॅमसच्या गाठीकडे विशेष लक्ष दिले. ही गाठ इतकी खोल व अशा नाजूक जागी असते की उघड्या शस्त्रक्रियेत दृष्टी, स्मरणशक्ती व शरीरातील संप्रेरकांचे संतुलन या तिन्हींना धोका संभवतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या १४ रुग्णांच्या वृत्तांतात १२ रुग्ण झटक्यांपासून मुक्त झाल्याचे नमूद आहे. २०१८ मधील ७१ रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षानंतर ९३ टक्के रुग्णांचे हसण्याचे झटके थांबलेले होते. मात्र जवळजवळ चौथाई रुग्णांना हा उपचार एकाहून अधिक वेळा घ्यावा लागला.

प्रौढांमध्ये टेंपोरल खंडाचा अपस्मार अधिक आढळतो. त्यात स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा रोगट झालेला असतो. अमेरिकेतील ११ केंद्रांतील २३४ रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात, लेसर उपचारानंतर ५८ टक्के रुग्ण त्रासदायक झटक्यांपासून मुक्त असल्याचे दिसले. उघड्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण सामान्यतः याहून काहीसे अधिक असते. म्हणजे झटके थांबविण्याच्या बाबतीत जुनी पद्धत आजही मागे पडलेली नाही. लेसरचा लाभ दुसऱ्या बाजूने दिसतो. अटलांटा येथील एमोरी विद्यापीठातील तज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, वस्तूंची नावे आठवणे व परिचित चेहरे ओळखणे या क्षमता लेसर उपचारानंतर अधिक चांगल्या टिकतात. अध्यापन, व्यापार वा वकिली करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

मेंदूतील गाठींवरील उपयोग

मेंदूतील गाठींच्या बाबतीत लेसरचे कार्यक्षेत्र मर्यादित, पण महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रियेने काढता येणारी गाठ आजही शक्यतो उघड्या शस्त्रक्रियेनेच काढतात. परंतु काही गाठी फार खोल असतात; काही रुग्णांची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसते; काहींमध्ये पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा वाढते. अशा निवडक रुग्णांना लेसर उपयोगी पडतो. त्याच छिद्रातून तपासणीसाठी गाठीचा तुकडाही घेता येतो.

आणखी एक उपयोग किरणोपचारानंतर उद्भवणाऱ्या विकारात होतो. शरीराच्या अन्य भागातील कर्करोग मेंदूत पसरल्यास त्यावर किरणोपचार करतात. काही महिन्यांनी तेथील ऊतक मृत होऊन सूज वाढते आणि गाठच पुन्हा वाढली की काय असा संभ्रम पडतो. दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेण्याची पाळी आलेल्या अशा रुग्णांमध्ये लेसरने ही जागा नष्ट केल्यास सूज आटोक्यात येण्यास मदत होते.

ग्लायोब्लास्टोमासारख्या उग्र कर्करोगात मात्र लेसर हा रोग बरा करणारा उपाय नाही. तो काही काळ रोगास आवर घालणारा, इतर उपचारांच्या जोडीने वापरावयाचा उपाय आहे.

मर्यादा व धोके

छिद्र लहान असले तरी ही मेंदूचीच शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, सूज, दृष्टिक्षेत्राचा काही भाग जाणे, तात्पुरता वा क्वचित कायमचा अशक्तपणा हे धोके तीत आहेत. एका नळीभोवती मर्यादित आकाराचाच भाग नष्ट करता येतो. सुमारे तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींत हा उपचार अपुरा पडतो व सुजेचा धोका वाढतो. तापमापनही सर्वस्वी निर्दोष नाही. पडद्यावर दिसणारे तापमान प्रत्यक्षाहून वेगळे असल्यास निरोगी भागास इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये डॉक्टरांना दिला होता. लेसरविषयीचे पुष्कळसे आकडे निवडक रुग्णांच्या पाठपुराव्यातून आलेले असून, वर उल्लेखिलेल्या २००१ व २०१७ च्या चाचण्यांइतके त्यांचे वजन नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

याखेरीज यंत्रसामग्री व एकदाच वापरावयाचे प्रकाशतंतू महाग असतात आणि एम.आर.आय. यंत्र काही तास एकाच रुग्णासाठी राखून ठेवावे लागते. उष्णतेने रोगट भाग नष्ट करण्याच्या अन्य पद्धतीही म्हणूनच विकसित होत आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत यंत्रमानवाच्या साहाय्याने, लेसरऐवजी रेडिओ-लहरींची उष्णता वापरून, मोठी कवटी न उघडता मेंदूच्या रोगट अर्धगोलाचा दुसऱ्या भागाशी असलेला संबंध तोडण्याची पद्धत यशस्वीपणे वापरण्यात आली आहे.

खरा विलंब कोठे होतो?

पाश्चात्त्य देशांतही, अपस्मार सुरू झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत सरासरी सुमारे वीस वर्षे लोटतात, असे वारंवार आढळून आले आहे. या काळात मुलाचे शिक्षण सुटते, तरुणाची नोकरी जाते, मुलीचे लग्न मोडते. कोणी चुलीवर पडून भाजते, कोणी विहिरीवर पाणी भरताना बुडते. लेसरने शस्त्रक्रियेची जखम लहान केली, पण हा विलंब कमी करणे कोणत्याही यंत्राच्या हाती नाही. ते काम रुग्णाच्या गावापासूनच सुरू होते.

शिक्षकाची नजर यात सर्वांत मोलाची आहे. वारंवार शून्यात पाहणारे, मध्येच बोलणे तुटणारे, कारणाशिवाय हसणारे मूल त्याच्या लक्षात आले तर त्याने तारीख, वेळ व झटक्याचे स्वरूप एका वहीत नोंदवावे. पालकांच्या संमतीने भ्रमणध्वनीवर घेतलेले झटक्याचे चित्रणही निदानास फार उपयोगी पडते. झटका आल्यास मुलाला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, कपडे सैल करावेत. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

पंचायत सदस्यांचे काम याहून व्यापक आहे. भारतात झटक्यांचे एक प्रमुख कारण म्हणजे डुकरांमधील फीतकृमीची अंडी अन्नपाण्यावाटे पोटात जाऊन मेंदूत होणारा संसर्ग. उघड्यावरील शौचामुळे दूषित झालेल्या भाजीपाल्यातून हा रोग शाकाहारी माणसालाही होतो. संडासांचा वापर, शुद्ध पाणी, भाजी धुऊन खाण्याची सवय व मोकाट डुकरांचा बंदोबस्त या उपायांनी तो टाळता येतो. या संसर्गाने मेंदूत दिसणारी लहानशी गाठ बहुधा औषधांनी वा आपोआप विरते, म्हणून एम.आर.आय. मध्ये गाठ दिसली की शस्त्रक्रिया, असे समीकरण कोणी मांडू नये.

विवाहाविषयीचा गैरसमजही दूर करणे अगत्याचे आहे. हिंदू विवाह अधिनियम व विशेष विवाह अधिनियम यांत अपस्मार ही विवाहातील कायदेशीर अडचण मानली जात होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख वगळण्यात आला आहे. अपस्मार असलेल्या व्यक्तीस विवाहाचा, शिक्षणाचा व रोजगाराचा अधिकार इतरांप्रमाणेच आहे.

आरोग्य अधिकाऱ्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात अपस्माराच्या नेहमीच्या औषधांचा पुरवठा खंडित होऊ न देणे, कारण औषध एकाएकी बंद झाल्यास झटके बळावतात व प्राणावर बेतू शकते. दुसरी म्हणजे दोन औषधे योग्य मात्रेत व नियमित घेऊनही ज्यांचे झटके थांबलेले नाहीत अशा रुग्णांची नोंद ठेवून त्यांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या मज्जाविकार विभागाकडे पाठविणे. तेथील तपासणीनंतर कोणास औषधबदल पुरेल, कोणास उघडी शस्त्रक्रिया लागेल, कोणास लेसर वा तत्सम उपचार योग्य ठरेल, याचा निर्णय तज्ज्ञ करतील.

दरवर्षी १७ नोव्हेंबर हा दिवस देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेत वा ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला दिला आणि दोन औषधांनंतरही झटके येत असलेल्या गावातील एकाच रुग्णाचे नाव आरोग्य केंद्राच्या वहीत नोंदवून त्याला पुढे पाठविले, तरी त्या रुग्णाच्या आयुष्यातील वीस वर्षांचा विलंब तेथेच थांबू शकेल.